उत्तरपत्रिका परत देण्याचा तास : नववीच्या वर्गातल्या चिंतनाविषयी

चिंतन, म्हणजे आपण कसं शिकवलं याचा मागे वळून केलेला विचार, टाचणवहीत (रोजच्या पाठाच्या तयारीच्या वहीत) लिहू नये, इथूनच सुरुवात करतो. माध्यमिक शाळेत शिक्षकांनी आपल्या शिकवण्याच्या नोंदी ठेवायच्या ठरल्या की पहिली सूचना हीच येते : टाचण रोज लिहितोच आहोत, त्यात एक रकाना वाढवू. पण टाचणवही मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीला जाते, आणि सहीला जाणाऱ्या वहीत ‘समजावताना माझाच गोंधळ उडाला’ असं कोणी लिहीत नाही. तिथे ‘उद्दिष्टे साध्य झाली, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ एवढंच येतं. बी.एड.ला इंटर्नशिपच्या वह्या आदल्या रात्री एकदम पुऱ्या करण्याची सवय सगळ्यांना असतेच. वाढवलेला रकाना त्या सवयीच्या वाटेने जातो.

म्हणून वेगळी वही. शंभर पानी, एकेरी रेघांची, आणि ती कोणी तपासणार नाही हे मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलेलं असावं. नववीला वेगवेगळे विषय शिकवणारे आम्ही काही जण ही पद्धत वापरतो. वापरता वापरता बरंच काही गळून गेलं. जे टिकलं ते इथे लिहितो आहोत.

टिकलेली पहिली गोष्ट म्हणजे प्रमाण. रोजच्या प्रत्येक तासाची नोंद कोणालाही झेपत नाही. दिवसाला पाच-सहा तास, वर बदली तास, पोषण आहाराची आणि शिष्यवृत्तीची माहिती भरणं, त्यात कुठली तरी ऑनलाइन लिंक ‘आजच’ भरायची असते. आठवड्यातून एकच वर्ग, एकच तास निवडायचा आणि त्याच दिवशी दहा मिनिटं लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर काय घडलं हे आठवत नाही, आपण काय शिकवणार होतो एवढंच आठवतं. नोंद कोणत्या मोकळ्या तासाला लिहायची ते सोमवारीच वेळापत्रकावर पेन्सिलने गोल करून ठेवावं. तो तास बदलीत गेला तर शाळा सुटल्यावर उभ्या उभ्या तीन ओळी पुरतात.

प्रश्न तीनच : काय घडलं, कशामुळे घडलं असावं, पुढच्या तासाला काय बदलणार. बी.एड.च्या नोट्समध्ये याहून लांबलचक चक्रं दिलेली असतात, सहा-सहा पायऱ्यांची. त्यांतला ‘भावना’ हा टप्पा आम्ही शिक्षकांच्या नोंदींतून काढून टाकला. भावना नसतात म्हणून नव्हे. दहा मिनिटांतली आठ मिनिटं तोच टप्पा खातो आणि शेवटच्या प्रश्नाला वेळच उरत नाही, म्हणून.

नोंद कशी नसावी याचा नमुना : ‘आज ९ ब ला करणी (√२, √३ सारख्या संख्या) शिकवल्या. मुलांचं लक्ष नव्हतं. पाया कच्चा आहे. पुन्हा घ्यावं लागेल.’ यातलं एकही वाक्य उद्याच्या तासाला उपयोगी पडत नाही. ‘पुन्हा घ्यावं लागेल’ म्हणजे तेच, तसंच, जरा मोठ्या आवाजात.

त्याच तासाची दुसरी नोंद अशी होऊ शकते : ‘√२ + √३ = √५ असं तासाअखेर घेतलेल्या चिठ्ठ्यांपैकी तिसऱ्या भागाहून जास्त चिठ्ठ्यांवर आलं. त्याच मुलांनी √२ × √३ = √६ बरोबर केलं आहे. म्हणजे गुणाकाराचा नियम बेरजेला लावताहेत. मी दोन्ही उदाहरणं फळ्यावर एकाखाली एक घेतली, त्यामुळे दोन्हींची रीत एकच वाटली असावी. उद्या : नियम न सांगता √९ + √१६ काढायला लावणं. मग √२५ काढायला लावणं. ७ आणि ५ शेजारी शेजारी लिहून गप्प राहणं.’ ही नोंद लिहायला आधीच्या नोंदीपेक्षा पाचेक मिनिटं जास्त लागतात. फरक आहे तो पुराव्याचा. दुसऱ्या नोंदीत मुलांनी कागदावर काय केलं ते आहे, पहिलीत शिक्षकाला काय वाटलं ते.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली व्यावसायिकांच्या कामाविषयी लिहिताना कामाच्या ओघात होणारा विचार आणि काम संपल्यावर होणारा विचार असे दोन प्रकार सांगितले. शिक्षकाला दुसरा तरी वहीत पकडता येतो, पहिला वर्गातच हवेत विरतो. त्याला एक साधा उपाय आहे. शिकवताना जिथे टाचण सोडून दुसरं काही करावं लागलं, तिथे टाचणाच्या समासात पेन्सिलने नुसता ठिपका द्यायचा. उदाहरण बदललं, ठिपका. प्रश्न सोपा करावा लागला, ठिपका. मुलांना कळत नाही, तपासणाऱ्यालाही कळत नाही. संध्याकाळी नोंद लिहिताना हे ठिपके पाहिले की तास परत डोळ्यांसमोर येतो.

चतकोर कागद

पुरावा गोळा करायला आम्ही तासाच्या शेवटी चिठ्ठी घेतो. ए-फोर कागदाचे चार तुकडे. एका रिममध्ये पाचशे कागद, म्हणजे दोन हजार चिठ्ठ्या. पन्नास मुलांच्या वर्गात आठवड्याला एकदा घेतल्या तर एक रिम चाळीस आठवडे, म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्षाहून जास्त पुरते. ऑफिसात एका बाजूने छापलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असतात. ते वापरले तर तोही खर्च नाही.

पस्तीस मिनिटांच्या तासात चिठ्ठीला शेवटची पाच मिनिटं द्यावी लागतात. चिठ्ठ्या शेवटी वाटायला घेतल्या की घंटा होते, पुढचे सर दारात उभे राहतात आणि अर्ध्या चिठ्ठ्या कोऱ्या येतात. तासाच्या सुरुवातीला, हजेरी चालू असतानाच त्या बाकावर पोचल्या पाहिजेत. चिठ्ठीवर नाव नको, मागच्या बाजूला हजेरी क्रमांक पुरे.

सगळ्यात जास्त चुकतो तो प्रश्न. ‘आज काय समजलं नाही?’ असं विचारलं की गठ्ठाभर चिठ्ठ्यांवर ‘सगळं समजलं’ येतं. यात मुलांचा लबाडपणा नसतो. जे समजलेलं नाही ते ओळखायलाही थोडं समजलेलं असावं लागतं, आणि ‘समजलं नाही’ म्हणणाऱ्याला उभं करून बोलणी बसल्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो. त्यामुळे मत विचारायचं नाही, काम द्यायचं. विज्ञानात : ‘बस अचानक थांबली की उभा प्रवासी पुढे का झुकतो? दोन वाक्यं.’ इतिहासात : ‘आजच्या धड्यातल्या घटनेचं एक कारण आणि एक परिणाम. कोणतं कोणतं, ते बाण काढून दाखवा.’ मराठीत : ‘कवितेतली एक ओळ, जी तुम्ही धाकट्या भावंडाला समजावू शकणार नाही.’ हा शेवटचा प्रश्न फार गुणी आहे. ‘मला कळलं नाही’ हे त्यात मुलाला लाज न वाटता लिहिता येतं.

चिठ्ठ्या तपासायच्या नाहीत, लाल पेन हातातही घ्यायचं नाही. तीन ढीग करायचे : जमलं, अर्धवट, नाही जमलं. पन्नास चिठ्ठ्यांना सात-आठ मिनिटं लागतात. खरं वाचण्याजोगं सगळं मधल्या ढिगात असतं. अर्धवट उत्तरांत मूल नेमकं कुठून वळलं ते दिसतं, कोऱ्या चिठ्ठीत काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं मधल्या ढिगातल्या एका चुकीला द्यायची, कोणाची ते न सांगता. चिठ्ठ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा उल्लेखही झाला नाही असं लागोपाठ दोन-तीनदा झालं, की मुलं चिठ्ठीवर फुलं काढायला लागतात. आणि त्यांचं बरोबरच आहे.

उत्तरपत्रिका

आता मुलांच्या चिंतनाकडे. नववीतल्या मुलांना ‘स्वतःच्या शिकण्याबद्दल लिहा’ म्हटलं की दोन प्रकारचा मजकूर हाती येतो. पहिला निबंधातला : ‘मला हा पाठ खूप आवडला. यातून आपल्याला मोलाचा संदेश मिळतो.’ दुसरा माफीनाम्यातला : ‘मी अभ्यास कमी केला, मोबाइल बघत बसलो, यापुढे असे करणार नाही, मला एक संधी द्यावी.’ शाळेत स्वतःविषयी लिहिण्याचे हे दोनच साचे मुलांनी पाहिलेले असतात. दुसरा साचा जास्त घातक, कारण तो वाचून शिक्षकाला बरं वाटतं. मुलगा पश्चात्ताप करतोय खरा, पण कोणतं उदाहरण का चुकलं याचा त्यात शब्द नसतो. म्हणून दोन पथ्यं कडक पाळावी लागतात. चिंतनाचं पान शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही, आणि वर्गावर रागावल्यानंतरच्या तासाला ते काढायचंही नाही.

यासाठी घटक चाचणीनंतरचा तास आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटतो. उत्तरपत्रिका परत देण्याचा तास एरवी कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. मुलं पहिल्या पानावरचे गुण बघतात, शेजारच्याचे बघतात, बेरीज तपासतात, अर्ध्या गुणासाठी टेबलाशी रांग लावतात, आणि पेपर दप्तरात जातो. चुका कोणी वाचत नाही. शिक्षणमानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच आढळलं होतं. नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी सुधारली. अभिप्रायाबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा राहिला नाही.

म्हणून गुण एक दिवस मागे ठेवायचे. पेपर तपासताना चुकीच्या जागी अधोरेखित करायचं, प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळ्या यादीत लिहायचे, पेपरवर एकही आकडा नाही. पेपर देतानाच सांगून टाकायचं की गुण उद्या मिळतील. पहिल्यांदा कुरकुर होते. पालकांचेही फोन येतात, कारण चाचणी झाली आणि गुण सांगत नाहीत म्हणजे काहीतरी लपवताहेत असा समज होतो; पालकसभेत आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मग मुलं आपल्या प्रत्येक चुकीपुढे समासात एक खूण लिहितात. खुणा पाच आहेत. मा : माहितीच नव्हती. प्र : प्रश्न नीट वाचला नाही. मां : येत होतं, पण मांडता आलं नाही, पायरी गाळली, आकृतीला नावं दिली नाहीत. घा : घाईत चुकलं. वे : वेळ पुरला नाही. याहून जास्त खुणा ठेवल्या तर मुलं चुका बघायच्या सोडून खुणा निवडत बसतात.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळीकडे ‘घा’ येतं. ‘सर, येत होतं, सिली मिस्टेक झाली.’ ही पळवाट बंद केल्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. ‘घा’ लिहिलं की तशाच जातीचं, आकडे बदललेलं उदाहरण पुस्तक आणि वही मिटून तीन मिनिटांत सोडवायचं. सुटलं तर ‘घा’ खरं. नाही सुटलं तर खूण खोडून ‘मा’. त्यासाठी शिक्षकाने प्रत्येक प्रश्नाचं एक जुळं उदाहरण आधीच तयार करून फळ्यावर लिहून ठेवायला हवं. वीस गुणांच्या चाचणीला आठ-दहा जुळी लागतात आणि तयारीला अर्धा तास जातो. या पद्धतीत शिक्षकाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो वाचवायचा प्रयत्न करू नये. ‘येत होतं’ आणि ‘येतंय असं वाटत होतं’ यांतला फरक मुलाला स्वतःच्या हाताने दिसतो तो या तीन मिनिटांत. सांगून तो पटत नाही.

भाषा आणि समाजशास्त्राच्या पेपरांत जुळं उदाहरण बनत नाही. तिथे आम्ही उत्तराची नमुना-चौकट देतो : तीन गुणांच्या उत्तरात कोणते तीन मुद्दे अपेक्षित होते. मूल आपल्या उत्तरात ते मुद्दे शोधून त्यांना क्रमांक देतं. दीड पान लिहून एकच मुद्दा तीनदा आलाय हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं. अशा चुका ‘मां’मध्ये जातात. मराठीच्या पेपरात ‘मां’ची संख्या गणितापेक्षा बरीच जास्त निघते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गुण द्यायचे आणि एका वेगळ्या पानावर हिशोब करायला लावायचा. वीसपैकी बारा मिळाले तर आठ गेले. हे आठ कुठे गेले? मा ४, मां २, घा १, प्र १. बेरीज आठच आली पाहिजे. आपला निकाल असा फोडून पाहिला की बोलण्याचा सूर बदलतो. ‘माझं गणित कच्चं आहे’ याऐवजी ‘माझे चार गुण करणींच्या भागाकारात गेले’ असं वाक्य निघतं, आणि त्यावर काहीतरी करता येतं.

शेवटची ओळ : पुढच्या चाचणीपर्यंत मी काय करणार. इथे मुलं पुन्हा माफीनाम्याकडे घसरतात. ‘रोज अभ्यास करीन’, ‘लक्ष देईन’, ‘मन लावून वाचीन’ हे घ्यायचं नाही, परत द्यायचं. स्वीकारायचं ते असं : ‘गुरुवारी आणि शनिवारी सरावसंच २.३ मधली चार-चार उदाहरणं पुस्तक मिटून सोडवीन, मग उत्तरं ताडून बघीन.’ कधी, काय, किती, आणि झालं की नाही हे कसं कळणार, एवढं असेल तर ओळ पक्की. एकाच गोष्टीची. तीन-तीन निश्चय लिहिणाऱ्याचा एकही होत नाही.

हे पान विषयाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचं. सुटं ठेवलं तर हरवतं. पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी दहा मिनिटं देऊन ते वाचायला लावायचं आणि शेवटच्या ओळीपुढे ‘केलं’, ‘थोडं केलं’, ‘नाही केलं’ यांपैकी एक लिहायला लावायचं. नाही केलं म्हणून रागवायचं नाही. का झालं नाही ते एका ओळीत लिहून घ्यायचं. बऱ्याचदा उत्तर अगदी साधं असतं : शनिवारी क्लास असतो, घरी पुस्तक एकच आणि बहिणीलाही तेच लागतं, शेतात कामाचे दिवस होते. मग शनिवारचा बुधवार करता येतो. हे परत वाचणं राहिलं तर आधीचे दोन्ही तास वाया गेले असं खुशाल समजावं.

पहिल्यांदा करताना भरलेलं पान दाखवावं लागतं, काल्पनिक विद्यार्थ्याचं, एक चांगलं आणि एक पोकळ, आणि दोन्हींत फरक काय तो मुलांकडूनच काढून घ्यावा. शिवाय मुलांसमोर फळ्यावर उदाहरण सोडवताना मोठ्याने विचार करून दाखवावा : ‘इथे मी छेदाचं परिमेयकरण का करतेय? थांबा, चिन्ह बघू दे.’ विचार बोलून दाखवतात कसा हे मुलांनी कुठे पाहिलेलंच नसतं.

लिहिण्याच्या भाषेवर बंधन नको. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मूल ‘डिनॉमिनेटरचं साइन चुकलं’ असं लिहितं, ते तसंच राहू द्यावं. घरची बोली आली तर येऊ द्यावी. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं की पुढच्या वेळी मूल फक्त येतात तेच शब्द लिहितं. लिहिणं जड जाणाऱ्यांसाठी जोडीने बोलायचं, दोन-दोन मिनिटं, आणि जोडीदाराने एक ओळ लिहायची. जोड्या मैत्रीच्या नसल्या तरी चालतात, पण वर्गातला पहिला आणि शेवटचा अशी जोडी लावू नये. तिथे एक शिकवतो, दुसरा मान डोलावतो.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवायची. हे पान विषयशिक्षकाशिवाय कोणी वाचणार नाही, वर्गात वाचून दाखवलं जाणार नाही, पालकसभेत निघणार नाही. पण कोणी लिहिल्यातून त्याला किंवा दुसऱ्या कोणाला धोका आहे असं दिसलं तर गप्प बसता येणार नाही. मुलं कधी कधी ‘अभ्यास का झाला नाही’ याच्या उत्तरात घरची मारहाण लिहून जातात, क्वचित त्याहून गंभीर काही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने, म्हणजे २०१२ पासून, बंधनकारक आहे. बाकी प्रसंगी मुख्याध्यापक आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक. गुप्ततेचं सरसकट वचन देऊन मग ते मोडण्यापेक्षा आधीच मर्यादा सांगितलेली चांगली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन असावं असं म्हटलं आहे, त्यामुळे स्वमूल्यमापनाचे छापील तक्तेही आता शाळांत दिसतात. ‘मी वर्गात सहकार्य करतो : नेहमी, कधी कधी, क्वचित.’ प्रत्येक मूल ‘नेहमी’वर खूण करतं. तक्ता भरून द्यावा लागतो तर द्यावा, पण त्याला चिंतन समजू नये.

एकमेकांच्या वर्गात

सहकाऱ्याच्या तासाला बसणं ही शिक्षकाच्या चिंतनातली सगळ्यात अवघड पायरी, कारण आपल्याकडे वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे तपासणी. त्यामुळे काही अटी घालाव्या लागतात. बसणारा पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक नको. विषय वेगळा असलेला बरा. गणिताच्या तासाला भूगोलाची शिक्षिका बसली तर ती गणितातल्या चुका काढत बसत नाही, मुलांकडे बघते. पंधरा मिनिटं पुरतात. आणि काय बघायचं ते ज्याचा तास आहे त्याने ठरवायचं, तेही एकच.

सुरुवातीला सोपं असं : बैठकीचा नकाशा काढायचा, आणि शिक्षकाने ज्याला प्रश्न विचारला त्या जागेवर ठिपका. पंधरा मिनिटांत पंचवीस-तीस ठिपके पडतात. नकाशा हातात आला की कोणाच्या मताची गरजच राहत नाही. पहिले दोन बाक आणि मधली रांग भरून जाते, खिडकीकडची रांग कोरी. मुली एका बाजूला आणि मुलं एका बाजूला बसत असतील तर एका बाजूचे ठिपके दुसरीच्या निम्मेही नसतात. ज्येष्ठ शिक्षकाला कनिष्ठाने ‘तुम्ही मागच्या मुलांना विचारत नाही’ असं तोंडावर म्हणणं शक्य नाही, आणि म्हणूही नये. नकाशा टेबलावर ठेवता येतो.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यावरचं थांबणं. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं होतं, आणि तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गात ते संपता संपत नाहीत. बसणाऱ्याने मनात मोजून प्रत्येक प्रश्नापुढे आकडा लिहायचा. कोणी बसायला नसेल तर फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करून पाच मिनिटं ऐकलं तरी कळतं. चित्रीकरण करू नये, आणि ऐकून झालं की आवाजाची फाइल त्याच दिवशी पुसून टाकावी.

नंतरच्या गप्पा दहा मिनिटांच्या. ज्याचा तास होता तो आधी बोलतो. बसणाऱ्याने ‘छान झाला’ म्हणायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही, जे टिपलं ते दाखवायचं. ‘छान झाला’ने बोलणं तिथेच संपतं. यातलं काहीही गोपनीय अहवालात जाणार असेल तर हा भाग सरळ सोडून द्यावा. नोंदवही आणि चिठ्ठ्या तेवढ्यावरही काम चालतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंचवीस मिनिटं चार-सहा जणांनी एकत्र बसायचं. प्रत्येकाने आळीपाळीने तीन वह्या किंवा चिठ्ठ्या आणायच्या, प्रत्येक ढिगातली एक. पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग काय दिसतं, मग का, मग काय करून बघता येईल. ‘का’वर आल्या आल्या गाडी ठरलेल्या रुळावर जाते : आठवीपर्यंत नापास करत नव्हते, पालक लक्ष देत नाहीत, मोबाइल. ही कारणं खोटी आहेत असं नाही. त्यांतलं एकही सोमवारच्या तिसऱ्या तासाला बदलता येत नाही, म्हणून या पंचवीस मिनिटांत त्यांना बंदी. एकाने हे काम अंगावर घेऊन दर वेळी आठवण करून द्यावी, आणि ते काम फिरतं ठेवावं, नाहीतर तो माणूस नकोसा होतो.

वेळेचा हिशोब : नोंद दहा मिनिटं, चिठ्ठ्यांचे ढीग आठ, शनिवारचे पंचवीस. आठवड्याला पाऊण तास, आणि एकमेकांच्या तासाला बसणं महिन्यातून एकदा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान पन्नास तास सांगितले आहेत. त्यात हे बसवून घ्यायला मुख्याध्यापक तयार होतात का ते विचारून बघावं.

सुरुवात जूनच्या शेवटी किंवा जुलैत करावी, म्हणजे पहिल्या घटक चाचणीपर्यंत मुलांना चिठ्ठीची सवय लागलेली असते. गणपतीच्या आणि सत्र परीक्षेच्या आठवड्यात सगळं बंद ठेवलं तरी काही बिघडत नाही. जानेवारीनंतर नवं काही सुरू करू नये. तोंडी, प्रात्यक्षिक, बोर्डाचं पर्यवेक्षण यांत माणसं कुठे असतात ते त्यांनाही माहीत नसतं.

दहावीच्या सराव परीक्षेला याच पाच खुणा वापरता येतात, पण तिथे वजन बदलतं. बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा, त्यामुळे ‘वे’ची संख्या वाढते, आणि ‘वे’ला जुळं उदाहरण उपयोगाचं नाही. तिथे मुलाने पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्न संपल्यावर समासात घड्याळातली वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी वेळा एकाखाली एक उतरवल्या की एका गुणाच्या प्रश्नावर नऊ मिनिटं गेलेली सापडतात. पुढच्या सरावाला त्या प्रश्नापुढे आधीच ‘३ मि.’ लिहून बसायचं आणि तीन मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं. सोडलेल्या जागेकडे नंतर परत येता येतं, एवढं मात्र मुलांना आधी दाखवून ठेवावं, नाहीतर सोडलेली जागा भरायच्या धाकाने ती तिथेच अडून बसतात.